शेवटचा फर्मा

आमच्या धाकट्या सुनेने मला भर सभेत तोंडघशी पाडलं, आणि घरी येऊन जाब विचारला तर म्हणते, "पण आई, तुम्हाला आवडलं होतं ना?" म्हणजे चूक तिची आणि आवड माझी. अशीच वागते ही. कधी उलटून बोलणार नाही, कधी आवाज चढवणार नाही. मान खाली घालून "हो आई" म्हणणार आणि आपल्याला हवं तेच करणार. थोरली निदान भांडायची तरी. वेगळं बिऱ्हाड केलं तरी अजून फोनवर भांडते, आणि फोन ठेवला की दोघींनाही बरं वाटतं. हिच्याशी भांडायचं म्हणजे उशीवर मुठी मारायच्या.

झालं काय ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमचा पुस्तकं बांधायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराचाच खालचा मजला. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं. त्याला घड्या घातल्या की तो झाला फर्मा. असे फर्मे ओळीने लावायचे, शिवायचे, पाठीला सरस द्यायचा, पुठ्ठा चढवायचा आणि कडा कापून सरळ करायच्या. कापायचं मशीन माझ्या धाकट्या मुलाकडे. शिवायला माझी नणंद, आमच्या वन्सं. आणि घडी माझी. हाडाची पट्टी मी एकदा फिरवली की घडी अशी बसते, की कागदाला वाटावं आपण जन्मालाच असे आलो.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही घडीला बसवलं होतं. तिची घडी अशी पडायची, की एक पान इथे आणि त्याच्यामागचं पान शेजारच्या घरात. सरस दिला तर पुस्तकापेक्षा तिच्या कोपराला जास्त. शेवटी मी म्हटलं, "अगं बाई, तुला येतं तरी काय?"

"वाचता येतं," ती म्हणाली.

"मग वाच. आमचे हात कामात असतात, कान रिकामेच आहेत."

मी चौथीत शाळा सोडली. पाटी वाचते, पावती वाचते. पण कादंबरी माझ्या वेगाने वाचायची म्हटली तर शेवटच्या पानापर्यंत नायिकेला नातवंडं व्हायची. जन्मभर हजारो पुस्तकांना पाठ दिली, पण एकाच्याही पोटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. सुताराने गावभर दारं बसवावीत आणि एकाही घरात पाऊल टाकू नये, तसं चाललं होतं. ते धाकटीने मोडलं. एवढं श्रेय तिला देते, पुढे काढून घ्यायचंच आहे.

पहिली वाचली ती खुनाची. आम्ही पुस्तकांना त्यांच्या नावाने हाक मारत नाही. खुनाची, राजाची, प्रेमाची, भुताची, अशी आमची नावं. खुनाचीत बर्फात अडकलेलं एक हॉटेल होतं आणि त्यात एक डॉक्टर मरून पडला. मरणाऱ्याबद्दल कुणाला काडीचंही वाईट वाटत नव्हतं, हे मला फार आवडलं. उगाच रडारड नाही, लगेच कामाला लागायचं. त्या लेखकाला दारांची मात्र भारी हौस. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक दार उघडतं, आणि दारात कोण ते सांगायच्या आधी प्रकरण संपतं. माझ्या हातातली पट्टी वरच्या वर. मी ओरडायची, "कोण आहे दारात? उलट पान." मुलगा मशीन थांबवून यायचा. वन्सं सुई तोंडात धरून बसायच्या. शेवटी निघालं काय, तर खून स्वयंपाकीण बाईने केलेला. डॉक्टरने तिच्या बहिणीचं वाटोळं केलं होतं. गुप्तहेराला सगळं कळतं, आणि तो तिच्या हातचा चहा पितो, कप विसळून ठेवतो आणि कुणालाही काही न सांगता निघून जातो. कप विसळून. मी म्हटलं, हा लेखक मोठा माणूस आहे.

मग राजाची. त्यात एका किल्ल्याच्या दरवाजावर घनघोर लढाई होते आणि राजा हरतो. दुसऱ्या दिवशी धाकटी वाचायला बसली तर पुन्हा तीच लढाई. तोच दरवाजा, तोच पांढरा घोडा, सेनापती तेच बोलतोय. पण या खेपेला राजा डावीकडून जातो आणि जिंकतो. मी तर पट्टीच आपटली मांडीवर. म्हटलं, याला म्हणतात लिहिणं. माणूस एकदा हरतो तेव्हा मनात तीच लढाई पुन्हा लढतो की नाही? याने ती कागदावर लढवली.

प्रेमाचीतला नायक घड्याळं दुरुस्त करायचा आणि पानापानाला उसासे टाकायचा. मी म्हटलं, याला बायको नको, छातीचा डॉक्टर हवा. पण मधोमध एक भांडण होतं, बसमध्ये, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून. दोघं उतरायचा थांबा विसरून शेवटच्या थांब्यापर्यंत भांडत जातात. तिथे मला पहिल्यांदा पटलं की यांचं लग्न टिकेल. आणि भुताचीतलं भूत तर माझ्याच जातकुळीतलं. घरातली मेलेली सासू. गळणारा नळ बंद करते, उघडं राहिलेलं कपाट लावते, उतू जाणारं दूध उतरवते. घरातले भीतीने पांढरेफटक, आणि मी म्हणते, अरे, आभार माना तिचे.

आता मला गप्प बसवत नाही. चांगलं वाचलं की माझ्या पोटात ते राहत नाही, कुणाला तरी सांगावंच लागतं. गावच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं आमच्याकडे बांधायला येतात. ती पोचवायला गेले असताना ग्रंथपालबाईंना मी गठ्ठा सोडता सोडता खुनाची सांगितली. त्या हातातलं काम टाकून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "आजी, दर महिन्याला इथे वाचक जमतात, जे वाचलं त्यावर बोलतात. तुम्ही याल?"

गेले. वरच्या मजल्यावर लांब टेबल, भोवती शिकलीसवरलेली माणसं. दातांची डॉक्टर, दोन कॉलेजातल्या मुली, एक विमावाला, आणि रिटायर झालेले मास्तर. मास्तरांचं प्रत्येक वाक्य "साहित्याच्या दृष्टीने" असं सुरू होतं आणि कुठे संपतं ते साहित्यालाच ठाऊक. मी बोलायला उभी राहिले, आणि खरं सांगते, घाबरले होते. पण एकदा बर्फ पडायला लागला, हॉटेलचा रस्ता बंद झाला, की मला कशाची भीती उरली नाही. मी हातवारे करून दारं उघडली. दातांची डॉक्टर "पुढे, पुढे" म्हणत होती. त्या दिवसापासून खिडकीजवळची खुर्ची माझी. मी गेले नाही तर रिकामी ठेवायचे. नवऱ्याच्या घरात, मुलाच्या कारखान्यात मला मान आहे, तो मी कमावला, कबूल. पण या खुर्चीचा मान माझ्या मताचा होता. माझ्या मताला किंमत आहे, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं, आणि ते तोंडाला लागलं.

शिवाय माझी पुस्तकं सगळ्यांच्या आधीची. दुकानात जायच्या आधी ती आमच्याकडे बांधली जातात. दुसऱ्या कुणी वाचायच्या आत मी मत देऊन मोकळी. मास्तर जळायचे.

मग आली आकाशातली. ही वाचताना आमच्या कारखान्यात जे झालं ते कधी झालं नव्हतं. एक बाई यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे बियाणं घेऊन जाते. तिची लहान मुलगी मागे राहते. आकाशात काळ सावकाश चालतो म्हणे, त्यामुळे आई तरुण राहते आणि इकडे मुलगी मोठी होत जाते. मला विज्ञान कळत नाही, पण हे लगेच कळलं. लेक सासरी गेली की असंच होतं. धाकटी वाचायची आणि आमचे हात आपोआप संथ व्हायचे. शेवटी ती बाई परत येते. दार वाजवते. दार उघडते तिची मुलगी, पांढऱ्या केसांची, आईपेक्षा म्हातारी. आणि आईला म्हणते, "किती उशीर केलास. पायपुसण्यावर पाय पूस आधी." माझा एक अख्खा फर्मा भिजला. वन्सं तर शिवण सोडून बाहेर जाऊन बसल्या.

महिन्याची सभा आली, आणि ग्रंथपालबाईंनी सांगितलं, आज आकाशातलीची लेखिका स्वतः येणार आहे. चांगलं पातळ नेसले, चष्मा पुसला. वाटेत सगळं भाषण मनात म्हणून झालं.

लेखिका बारीकशी, केस कापलेली, हातात आपलंच पुस्तक. मास्तर साहित्याच्या दृष्टीने बोलून बसले आणि ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले. म्हटलं, "बाई, मी तुमच्यापेक्षा कमी शिकलेली. पण तुमचा तो शेवट, म्हातारी मुलगी तरुण आईला दारात थांबवते आणि पाय पुसायला सांगते, त्याला तोड नाही. रागावणारं माणूस घरात आहे म्हणजे घर शिल्लक आहे. एवढं मोठं आकाश तुम्ही एका पायपुसण्यावर आणून ठेवलंत."

लेखिका हळूच म्हणाली, "आजी, ते मी लिहिलेलं नाही."

"असं कसं? मी ऐकलंय."

"ती परत येत नाही. माझ्या पुस्तकात ती रेडिओ बंद करते. म्हणजे मुलीने वाट बघू नये. आणि पुढे जाते."

मग मास्तर म्हणाले, "आजी पुस्तक वाचतात, की नुसता पुठ्ठा?"

कॉलेजातल्या मुली हसल्या. मला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. पण मी सहजी हार मानणारी नव्हे. म्हटलं, "दाखवा बघू पुस्तक." लेखिकेने हातातलं दिलं. मी ते उघडलंच नाही. दोन बोटांत पाठ धरली. जाड होतं. धाकटीच्या हातात दिसायचं त्यापेक्षा एका फर्म्याने जाड. हे माझ्या बोटांना कळलं, आणि मग डोक्यात सगळं एकदम कोसळलं.

तेवढ्यात दातांची डॉक्टर चाचरत म्हणाली, "आजी, ते हॉटेलातल्या खुनाचं पुस्तक मी नंतर आणलं होतं. त्यात खुनी वेगळाच निघाला. पण तुम्ही इतक्या ठासून सांगितलं होतंत, की मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मी शेवट पुन्हा वाचला."

त्या बिचारीने मला वाचवायला सांगितलं की बुडवायला, देव जाणे. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "पुढच्या महिन्यात येईन तेव्हा सांगेन काय ते." आणि निघाले. मागून मास्तरांचा आवाज आला, "खुर्ची हलवायची का?" मी वळून म्हटलं, "हात लावून बघा."

बोलायला बोलले, पण जिना कठडा धरून उतरले.

घरी आले ती थेट खाली. धाकटी एका डब्यात सुया लावत होती. आकाशातली काढली, शेवटचं पान पाहिलं. वाक्य अर्धंच. पुढे सरळ पुठ्ठा. खुनाची काढली, तीच गत. प्रेमाचीत मधला फर्माच नाही. भुताचीत भूत घरात येतं तिथून पुढे पुठ्ठाच. आणि राजाचीत शेवटच्या फर्म्याच्या जागी आधीचाच पुन्हा शिवलेला, म्हणून तर लढाई दोनदा. माझ्याच कारखान्यातली पुस्तकं, आणि मी, जिच्या घडीचं गावभर नाव, तिने कधी हातात धरून पाहिली नाहीत. पुठ्ठा वाकडा बसलेल्या किंवा शाई फासलेल्या प्रती आम्ही घरी ठेवतो. मला वाटायचं ही त्यातलीच वाचते. ज्यांचे फर्मे कमीजास्त झाले त्या प्रतींना आम्ही लंगड्या म्हणतो, त्या रद्दीच्या पोत्यात जातात. ही बया पोत्यातल्या उचलून आणत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लंगडी प्रत आहे, आई."

"ते मला दिसतंय. पाय कुठून आणलेस?"

"पोत्यात टाकलेल्या बघून वाईट वाटायचं. खुनाची तशीच होती, मला आधी माहीत नव्हतं. गुप्तहेर सगळ्यांना बोलावतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. तिथेच संपलं. तुम्ही म्हणालात, थांबलीस का, वाच. तुमचा चेहरा बघून मला संपलं म्हणवेना. म्हणून वाचलं."

"नसलेलं वाचलंस."

"हो आई."

"आणि राजा?"

"आधीच्या दिवशी हरला तेव्हा तुम्ही जेवला नव्हतात. दुसऱ्या दिवशी तीच पानं परत आली. म्हटलं, आलीच आहेत तर जिंकू दे."

मुलगा मशीनमागून हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने मशीन सुरू केलं. आता वन्संकडे वळले. त्या हिच्या शेजारी बसतात, पान त्यांना दिसतं. "वन्सं, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

वन्संनी दोरा दाताने तोडला. "मला वाटलं वहिनी, तुम्हालाही ठाऊक असेल. एवढ्या हुशार तुम्ही."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. आणि ती माझं ऐकते. त्या स्वयंपाकीण बाईला मीच सोडवलं. म्हटलं, गरीब आहे, तिला नको अडकवूस. आकाशातल्या बाईलाही मीच घरी आणायला सांगितलं. पोरीला टाकून कुणी जातं का?"

म्हणजे माझ्या कारखान्यात माझ्या पाठीमागे जगातल्या लेखकांची पुस्तकं दुरुस्त होत होती, आणि सरकार चालवत होत्या आमच्या वन्सं. मी धाकटीला म्हटलं, "तुझं वाचन बंद. उद्यापासून सरस." ती "हो आई" म्हणाली. आणि वर ते आवडल्याचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी कारखाना मुका. पट्टी कागदावर घासल्याचा आवाज, मशीनचा दणका, बस. धाकटी सरस लावत होती, म्हणजे टेबलाला. मी घड्या घालत होते आणि डोक्यात मास्तर. पुढच्या सभेत मी काय तोंडाने जायचं? न जावं तर खुर्ची गेली, आणि खुर्चीबरोबर माझं मत. जावं तर म्हणतील, या आजीने अर्धी पुस्तकं ऐकली आणि पूर्ण बढाई मारली. सुनेवर ढकलून मोकळं व्हावं, तर म्हणतील, ज्या बाईला आपल्या हातातलं पुस्तक पुरं आहे की नाही कळत नाही, तिने दुसऱ्याच्या पुस्तकावर का बोलावं? आणि ते खरंच होतं.

घडी घालता घालता माझा हात थांबला. रागाच्या भरात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. डॉक्टरचा खून कुणी केला, हे मला अजून माहीतच नव्हतं.

बाई गं. स्वयंपाकिणीने नाही, तर कुणी? मॅनेजरने? त्या खोकणाऱ्या विधवेने? राजा दुसऱ्यांदा लढलाच नाही, तर हरल्यावर त्याने केलं काय? भूत नळ बंद करत नव्हतं, तर मग करत काय होतं? पाच पुस्तकं मी वाचली म्हणून मिरवत होते आणि पाचही माझी वाचायचीच राहिली होती. अंगातला राग कुठल्या कुठे गेला, मला धीरच धरवेना. चप्पल घातली आणि वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाईंना म्हटलं, "पाचही द्या. धडधाकट बघून द्या." टेबलावरच प्रत्येकीचे फर्मे मोजून घेतले. पिशवी त्या बाईंनीच भरून दिली.

घरी येऊन पिशवी धाकटीपुढे ठेवली. "हात धू. वाच. कागदावर आहे तेच वाचायचं. स्वल्पविराम बदलला तरी मला कळेल."

"तुम्हाला कसं कळेल, आई?"

"तुझा आवाज मऊ होतो तू खोटं बोलताना. आता आठवतंय मला. आणि वन्सं, तुम्ही तिकडे खिडकीपाशी बसा."

वन्सं फुगल्या, पण बसल्या.

त्या दिवसांत आमच्याइतकं काम गावात कुणी केलं नसेल. हात चालत राहिले तर वाचन चालणार, असा नियमच केला. खुनी निघाला गुप्तहेराचा मदतनीस, तोच, जो पहिल्या पानापासून त्याचा ओव्हरकोट धरत होता. मी ओरडलेच. मुलगा म्हणाला, "मला आधीपासून वाटत होतं." कुणाला काही वाटत नव्हतं. राजा हरल्यावर वेष बदलून त्याच किल्ल्यात दगड फोडायला मजूर म्हणून राहिला, आणि आपल्याच दरवाजाची डागडुजी करत म्हातारा झाला. मी थंडच पडले. प्रेमाचीच्या मधल्या फर्म्यात मात्र तो तिला गच्चीवर नेऊन तारे दाखवतो आणि अकरा पानं बोलतो. वन्संना खिडकीपाशी झोप लागली. भूत खरोखर गळे दाबतं, एकामागून एक, किराणा सामान भरल्यासारखं.

आकाशातली शेवटी ठेवली. धाकटीने शेवटचा फर्मा सुरू केला. ती बाई रेडिओवर मुलीचा आवाज ऐकते. मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत असते, सांगायचं विसरते, पुन्हा सुरू करते. आणि ती बाई बटणावर बोट ठेवते. धाकटीचा आवाज मऊ झाला नाही. कोरडा झाला. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं. माझी घडी तशीच अर्धी पडून होती. वन्सं तिकडून म्हणाल्या, "मेली." पण कुणाला, ते नाही कळलं.

मी त्या क्षणी ठरवलं, सभेला जायचं. आणि हिला घेऊन.

सभेच्या दिवशी धाकटी वाटेत एकदाच बोलली. "आई, मी बाहेर थांबते ना."

"टेबलापाशी, माझ्यासमोर बसायचं."

वर गेलो. माझी खुर्ची जागच्या जागी होती, रिकामी. लेखिकाही आली होती. ग्रंथपालबाईंनी बोलावलं असणार. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या आजी. आज कुठलं पुस्तक? छापलेलं, की..."

"दोन्ही," मी म्हटलं.

उभी राहिले. म्हटलं, "मागच्या खेपेपर्यंत मी इथे पाच पुस्तकांवर बोलले. पाचही लंगडी होती. कुणाचा शेवट नव्हता, कुणाचा मधला भाग. जिथे कागद नव्हता तिथे माझ्या या सुनेने तोंडाने भर घातली. मी जन्मभर पुस्तकं बांधते आणि मला पत्ता लागला नाही. तेव्हा माझी मतं निम्मी त्या लेखकांबद्दल होती आणि निम्मी हिच्याबद्दल. मास्तर, हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, मला पुढे बोलायचंय."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं. लेखिका मात्र म्हणाली, "आजी, तुम्हाला काय वाटतं ते वाटू दे. पण मला तिचं परत येणं मान्य नाही. परत येता येत असतं, तर मी पुस्तकच लिहिलं नसतं."

"मलाही मान्य नाही," मी म्हटलं. "पायपुसण्यावर मी रडले आणि जेवायला बसले. तुमच्या रेडिओच्या बटणानंतर मी दोन दिवस घडी नीट घातलेली नाही. ते पुस्तक तुमचंच."

लेखिकेने मान हलवली. मग मी एकेक पुस्तक घेतलं. हे छापलेलं, हे हिचं. दोन्ही सांगितली. खुनी मदतनीस सांगितला तेव्हा विमावाला "अरे" म्हणाला, आणि भूत नळ बंद करतं म्हटल्यावर कॉलेजातल्या मुली पुढे सरकून बसल्या. दातांच्या डॉक्टरने बसमधलं भांडण मला दोनदा सांगायला लावलं. माझा आवाज खणखणीत लागला होता. धाकटी मात्र मान खाली घालून बसलेली, जणू दात काढायला आणली आहे.

दातांच्या डॉक्टरने विचारलं, "मग आजी, निकाल काय?"

मी टेबलाला वळसा घालून धाकटीपुढे जाऊन उभी राहिले.

"मान वर कर आणि ऐक. तुझा खुनाचा शेवट पडेल आहे. कप विसळला म्हणून मी भुलले होते, पण तू ती बाई सोडलीस ती वन्संच्या भिडेने, हे आता छापलेलं ऐकल्यावर उघड दिसतं. राजाला तू माझ्या जेवणासाठी जिंकवलंस, आणि आकाशातली बाई परत आणलीस ती मी रडेन म्हणून. मी रडले तर रडले. मी काही कागद नाही, भिजून वाया जायला. पण बसमधलं भांडण तुझंच खरं. त्या अकरा पानांच्या ताऱ्यांत तसा एकही तारा नाही. आणि भूतही तुझंच. गळा दाबणाऱ्या भुताला दार लावून घेता येतं, दूध उतरवणाऱ्या सासूला कुठलं दार लावणार? ते तुला माझ्याकडे बघून सुचलं असणार, तो हिशेब घरी करू. आता निकाल ऐक. उद्यापासून आधी छापलेलं वाचायचं, अक्षर न बदलता, शेवटच्या फर्म्यापर्यंत. मग पुस्तक मिटायचं आणि तुझं सांगायचं. माझ्या तोंडाकडे बघून नाही, आणि वन्संच्या तर मुळीच नाही. ज्याला मरायचं असेल त्याला मरू दे. घडी मी घालते, तू सरसाला हात लावू नकोस."